भाषेच्या पदवीतलं परदेशातलं वर्ष विद्यापीठात काढावं की शाळेत असिस्टंट म्हणून?

शाळेत. आणि लहान गाव मिळालं तर देवाचे आभार मानावेत.

तुमची मुलगी इंग्लंडमध्ये फ्रेंचची पदवी करतेय, तिसरं वर्ष फ्रान्समध्ये काढणं सक्तीचं आहे आणि तुम्ही विचारताय की दिवसभर पोरांना इंग्रजी शिकवत बसली तर हिचं फ्रेंच सुधारणार कधी, वर्ष वाया नाही का जाणार. हेच वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून ऐकलंय. आईबाबांसमोर, मोठ्या अधिकारवाणीनं, कारण तो पॅरिसच्या एका विद्यापीठात एक सत्र काढून आला होता. घरात त्याचं ऐकलं जायचं. मी ऐकलं नाही.

मुळात दिवसभर शिकवायचं नसतंच. असिस्टंटला आठवड्याला १२ तास असतात, माझ्या वेळी ऑक्टोबरपासून एप्रिलअखेरपर्यंत, आणि दर सहा-सात आठवड्यांनी शाळेला दोन आठवडे सुट्टी. इंग्रजी काय बोलायचं ते त्या १२ तासांत. बाकी शिक्षकांची खोली, शाळेची खानावळ, बँक, खोलीतला हीटर बंद पडला तर दुरुस्तीवाला, सगळं फ्रेंचमध्ये. उलट दादा. राहायला विद्यार्थ्यांचं वसतिगृह, शेजारी स्वीडनची, इटलीची, नेदरलँड्सची मुलं, आणि ही सगळी मंडळी आपसात इंग्रजीच बोलणार. वर्गात प्राध्यापक सलग दोन तास बोलतात, मुलं खाली मान घालून लिहून घेतात. तोंड उघडायची गरजच नाही. त्यानं मित्र खूप जोडले हे कबूल, पण त्यात फ्रेंच कोण होतं ते विचारलं की तो विषय बदलतो.

मला २०१२ मध्ये लिमुझँ भागातलं एक गाव मिळालं. पसंतीक्रमात प्रदेश सांगता येतात, गाव आपल्या हातात नसतं. शाळेला वसतिगृह होतं, त्याच्याच वरच्या मजल्यावर मला खोली. शुक्रवारी संध्याकाळी मुलं घरी गेली की त्या इमारतीत मी आणि फ्रिजचा आवाज. पहिल्या महिन्यात रडले, नाही असं नाही.

आता विम्याची गोष्ट सांगते. दादाशी वाद होतो तेव्हा मी हीच पुढे करते.

पगारातून आरोग्यविम्याचा हप्ता कापला जातो, त्यासाठी विम्याचा क्रमांक काढावा लागतो. फ्रान्समध्ये त्या क्रमांकाचा पहिला आकडा पुरुषाला १ आणि बाईला २ असतो. पुढे जन्माचं साल, महिना, आणि परदेशात जन्मलेल्यांसाठी ९९. मी कागद पाठवले. उत्तर आलं ते ‘मस्यू’, म्हणजे श्रीयुत, म्हणून, आणि क्रमांकाची सुरुवात १ ने. फोनवर कोणी दाद देईना, म्हणून दुपारचा तास संपवून त्या कचेरीत गेले. टोकन घेतलं, बसले, खिडकीवर नंबर लागला.

पलीकडच्या बाईंनी फाइल उघडली. माझा जन्म नाशिकचा, त्यामुळे महापालिकेचा मराठी-इंग्रजी दाखला आणि त्याला टाचलेलं अधिकृत अनुवादकाचं फ्रेंच भाषांतर. बाईंनी पेनाचं टोक आधी दाखल्यातल्या वडिलांच्या नावावर ठेवलं, मग माझ्या पासपोर्टवर. वडील: दत्तात्रय. मी: मृणाल दत्तात्रय. म्हणाल्या, “हा अर्ज तुमच्या वडिलांचा आहे ना? ते स्वतः का आले नाहीत?”

मी समोर उभी. बावीसचीही नसेन.

मग मी त्यांना समजावायला घेतलं की आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं, मुलगा असो की मुलगी. त्यांना पटेना. मुलीला पुरुषाचं नाव कोण ठेवेल? मी म्हटलं ठेवत नाहीत, ते आपोआप येतं. “मग लग्न झाल्यावर?” मी सांगितलं, पुष्कळ ठिकाणी बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून ऐकवलं. माझ्यामागे रांगेत एक आजोबा होते, ते म्हणाले, म्हणजे मधल्या जागेवर कायम कुणीतरी पुरुष भाड्यानं राहतो. तिथून पुढे त्या दोघी आणि आजोबा यांच्यात जे काही पेटलं त्यात मला सारखं मध्ये घुसून ‘तसं नाही, म्हणजे तसंच आहे, पण’ असं करत बोलावं लागलं. वर्गात ज्या क्रियापदरूपांनी माझा जीव खाल्ला होता ती तोंडातून आपली आपण पडत होती, कारण मागे रांग होती आणि मला माझं बाईपण परत हवं होतं. काम त्या दिवशी झालं नाहीच. अजून एक कागद आणा म्हणाल्या. पण नवा क्रमांक आला तो २ ने सुरू होणारा, आणि पुढे गावातल्या बाजारात त्या बाई भेटल्या की ‘काय मस्यू दत्तात्रय’ म्हणून हाक मारायच्या.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मला आडवं लावायचा प्रयत्न केला तेव्हा मला घाम फुटला नाही. त्या खिडकीपुढे परीक्षक म्हणजे काहीच नाही. दादाला हे सांगितलं की तो म्हणतो, हे पॅरिसमध्येही झालं असतं. झालं असतं. पण तिथे बाईंनी माझी पहिली अडखळ ऐकून सरळ इंग्रजी सुरू केलं असतं.

वर्ष वाया जातं का, याला उत्तर काय देणार? पदवीच्या गुणांत त्या वर्षाचा वाटा विद्यापीठागणिक वेगळा असतो, तिच्या विभागाला विचारा. फीचं म्हणाल तर इंग्लंडच्या विद्यापीठांना पूर्ण वर्ष परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याकडून कमाल फीच्या १५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंडांच्या जागी १,४३०. असिस्टंटच्या वर्षाचा आकडा तिच्या विद्यापीठालाच विचारा. मुलगी परदेशी विद्यार्थी म्हणून फी भरत असेल तर हा हिशोब लागू नाही.

आणि हो, माझ्या वेळी ब्रिटन युरोपीय संघात होतं आणि माझा पासपोर्ट ब्रिटिश, मी नुसती ट्रेनमध्ये बसून गेले. आता व्हिसा लागतो, आणि तो मिळाल्यावरही फ्रान्समध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. परदेशातल्या वर्षासाठी पैसे देणाऱ्या युरोपीय संघाच्या इरास्मस योजनेच्या जागी २०२१ मध्ये ब्रिटनची ट्युरिंग योजना आली, आता कशातून मिळतात ते विद्यापीठाला विचारा. मुलीचा पासपोर्ट भारतीय असेल तर असिस्टंटसाठी ती पात्र आहे का हे आधी बघा, नाहीतर माझं वरचं सगळं प्रवचन फुकट. पगारावर फार भिस्त ठेवू नका. मला हातात आठशे युरोच्या आत पडायचे, लहान गावात भागायचं, पॅरिसमध्ये खोलीतच गेले असते. पहिला पगारही उशिरा येऊ शकतो, दीड-दोन महिन्यांची सोय जवळ असू द्या. पुढे संशोधनातच जायचं असेल तर विद्यापीठ घेतलं म्हणून मी भांडणार नाही. एकटं राहिलं की तिची तब्येत बिघडत असेल तरी मोठं शहरच बरं.

जन्मदाखला मात्र आत्ताच काढून ठेवा, आईवडिलांची नावं असलेला. तिचा जन्म इंग्लंडमधला असेल तर तिथला छोटा दाखला चालत नाही, त्यावर आईबापांची नावंच नसतात.