मत आमदाराला देतो, मग मुख्यमंत्री कोण निवडतं?

तुझे तीन प्रश्न आहेत: गावचा सरपंच थेट निवडून आला, मग मुख्यमंत्री का नाही? सर्वात जास्त जागा मिळूनही एखादा पक्ष विरोधात कसा बसतो? आणि मतदान केंद्रात आत नेमकं काय होतं? बारावीत आहेस म्हणतोस, म्हणून अरे-तुरे करतोय. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो आणि निवडणूक आली की केंद्रावर ड्युटीही लागते.

सरपंचाचा गोंधळ तुझा नाही, तो कायद्यानेच घातलाय. महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट सरपंच आला, २०२० मध्ये निवड पुन्हा सदस्यांकडे गेली आणि २०२२ मध्ये परत थेट. राज्यात आणि दिल्लीत मात्र पहिल्यापासून एकच पद्धत आहे. आपण फक्त आपल्या मतदारसंघाचा माणूस निवडायचा. सरकार कोणाचं, हे निवडून आलेल्यांच्या संख्येवर ठरतं. विधानसभेत २८८ जागा, म्हणून बहुमताचा आकडा १४५. लोकसभेत ५४३, म्हणून २७२.

आता दुसरा प्रश्न. गोव्याचं २०१७ घे. ४० जागांपैकी काँग्रेसला १७, भाजपला १३. काँग्रेस मोठा पक्ष, पण २१ कोणाकडेच नव्हते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) ३, गोवा फॉरवर्ड पक्षाचे ३ आणि काही अपक्ष भाजपकडे वळले, मनोहर पर्रीकर दिल्लीतलं संरक्षणमंत्रिपद सोडून आले, मुख्यमंत्री झाले आणि दोन दिवसांत सभागृहात २२ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. राज्यपालांनी आधी कोणाला बोलवायला हवं होतं यावर तेव्हा बराच वाद झाला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. पण कोणालाही बोलावलं तरी शेवटी सभागृहात डोकी मोजावीच लागतात.

शपथ घेतली तेव्हा पर्रीकर गोव्याचे आमदारही नव्हते. चालतं. सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, ते ऑगस्टमध्ये पणजीच्या पोटनिवडणुकीतून आले. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा तेही कोणत्याच सभागृहात नव्हते. मे २०२० मध्ये, मुदत संपत आलेली असताना, विधान परिषदेवर बिनविरोध गेले.

सहा महिन्यांच्या याच नियमाच्या आडोशाने १९९९ मध्ये दिल्लीत मोठा पेच झाला. तमिळनाडूतल्या अण्णाद्रमुक पक्षाने पाठिंबा काढल्यावर पंतप्रधान वाजपेयींनी विश्वासदर्शक ठराव मांडला. काँग्रेसचे गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी त्यांनी सोडली नव्हती. ते येऊन विरोधात मत देऊन गेले. १७ एप्रिलचा निकाल: बाजूने २६९, विरोधात २७०. सरकार पडलं. नवीन निवडणूक होईपर्यंत वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान राहिले. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. निवडणूक जिंकून पाच वर्षांचा पट्टा मिळत नाही. सभागृहाचा विश्वास आहे तोवरच खुर्ची.

केंद्रात आत काय होतं ते आता सांगतो. पहिला अधिकारी यादीत तुझं नाव बघून मोठ्याने वाचतो, कारण बाजूला बसलेल्या उमेदवारांच्या पोलिंग एजंटांना ते टिपायचं असतं. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन त्याच्या युनिटचं बटण दाबतो, तेव्हा आतलं मशीन एका मतासाठी खुलं होतं. तू पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन निळं बटण दाबायचंस. लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या काचेतून चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि बीप वाजतो. बीप वाजण्याआधी बाहेर येऊ नकोस, घाईत बरेच जण येतात.

मशीनवर नाव, फोटो आणि चिन्ह असतं ते फक्त तुझ्या मतदारसंघात उभ्या असलेल्यांचं. एखादी आजी हमखास विचारते, ''बाळा, साहेबांचं बटण कुठलं रे?'' साहेब उभे असतात भलत्याच जिल्ह्यात. आम्हाला काही सांगायची मुभा नाही, गप्प बसावं लागतं. पण आजीचंही अगदीच चुकत नाही: प्रचार साहेबांच्या नावावर होतो, मत मात्र इथल्या उमेदवाराला पडतं. पुढे तो पक्ष सोडू लागला तर त्याला पक्षांतरबंदी कायदा आड येतो, आणि त्यातूनही वाटा कशा निघतात ते आपल्या राज्याने पुरेसं पाहिलंय. तो वेगळा प्रश्न विचार, उत्तर लांब होईल.

नाव नोंदवायला नमुना ६ भरायचा. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात. सतरा पूर्ण असतील तर अर्ज आत्ताच करून ठेवता येतो.