नट सुटला, बोल्ट हलेना

प्रश्न : दादा नमस्कार. माझी 2009 ची पिकअप आहे, हर्णै बंदरावरून मासळी भरून दापोली-खेड लाईन मारतो. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसलेत म्हणून बदलायला काढले तर पुढच्या ब्रॅकेटच्या बोल्टने वैताग आणलाय. डाव्या बाजूचा नट निघाला पण बोल्ट बाहेरच येईना, घण मारून मारून टोक फुललं त्याचं. उजवीकडे तर नटच हलत नाही, पान्याला पाईप लावून जोर दिला तर कोपरे गोल झाले. गॅरेजवाला म्हणतो गॅसने लाल करून काढू, पण डिझेलची टाकी जवळच आहे म्हणून मीच थांबवलंय त्याला. काय करू? (एक वाचक, ता. दापोली)

उत्तर : थांबवलंत ते बरं केलंत भाऊ. आता घण पण बाजूला ठेवा, कारण तुमच्या दोन बाजूंना दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही दोघांना एकच औषध देताय.

आधी डावी बाजू. नट निघालाय म्हणजे आटे मोकळे आहेत, बोल्ट अडकलाय तो पाट्याच्या टोकाच्या भोकात बसवलेल्या बुशच्या आत. बुश म्हणजे नुसतं रबर नसतं, त्याच्या पोटात लोखंडी नळी असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. मासळीच्या क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटीतून ठिबकत ठिबकत नेमकं तिथे जातं, एकदा आत शिरलं की वाळत नाही, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो त्यामुळे नळी आणि बोल्ट एकजीव होऊन बसतात. खात्री करायची तर बोल्टच्या डोक्याला पाना लावून फिरवून बघा, बोल्ट थोडा फिरून स्प्रिंगसारखा परत मागे येत असेल तर तो नळीला घेऊन फिरतोय आणि रबर पिळतंय. अशा ठिकाणी वरून कितीही स्प्रे मारा, तेल आतपर्यंत पोचतच नाही, आणि घण मारला तरी निम्मा दणका रबरच खाऊन टाकतं.

मग कापायचा सरळ. पाटा, बुश, बोल्ट तिन्ही नवीन टाकणारच आहात ना, मग त्या जुन्या बोल्टवर जीव कशाला? ब्रॅकेटचा पत्रा आणि बुश यांच्या मधल्या फटीत हॅक्सॉचं चांगलं ब्लेड घालून दोन्हीकडून कापा, ग्राइंडरचं पातळ व्हील जात असेल तर अजून लवकर होतं. वाचवायचं आहे ते फक्त ब्रॅकेट, कारण ते चेसिसला आहे, ते वाकलं किंवा त्याचं भोक मोठं झालं तर खर्च कुठल्या कुठे जातो. कापताना पाट्यावर ताण नको, म्हणजे चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) आणि अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर, नाहीतर शेवटचा धागा तुटला की पाटा उसळतो आणि बोटं तिथेच असतात.

आता उजवी बाजू, इथे मात्र आटेच जाम आहेत आणि इथे तेलाचा उपयोग आहे. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, मग गंज सोडवायचं तेल मारा आणि रात्रभर सोडून द्या, सकाळी परत मारा. नटाच्या बाजूंवर हातोडीने टकटक करा, जोरात नको, त्या हादऱ्याने गंजाला चिरा जातात आणि तेल आत उतरतं. मग लगेच उलटा फिरवू नका, आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा, हलला की मग सोडवायचा, थोडा पुढे थोडा मागे. पाना सहा कोनी गोटीचाच (सॉकेटचाच) घ्या, बारा कोनीनेच कोपरे जातात. तुमचे गेलेच आहेत म्हणून एक साईज लहान सहा कोनी गोटी ठोकून बसवून बघा.

तरी नाही आला तर त्यावर मोठा नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरून घ्या, धरायला कोपरे पण मिळतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. लालसर असताना नव्हे, जरा निवला की फिरवा, आणि गरम असताना मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यात ओढलं जातं, जुने मिस्त्री हे करतातच. पण वेल्डिंगआधी बॅटरीचे टर्मिनल काढा, मारलेलं तेल पूर्ण पुसा, ब्रेकचा पाईप झाका, आणि ब्रेक क्लीनर मारला असेल त्या जागी आग अजिबात नको, काही क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो. टाकी खरंच जवळ असेल तर ती उतरवा नाहीतर ही बाजू पण कापा.

नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावर मजबुतीचा नंबर 8.8 आहे का 10.9 ते बघून तसाच घ्या, हार्डवेअरच्या दुकानातला बिननंबरी नको. बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावा. आणि हे बरेच गॅरेजवाले पण चुकवतात, शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी करून करायची, वर उचललेली असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच टाका आणि दोन-चारशे किलोमीटरनंतर एकदा परत आवळून घ्या.

प्रश्न : पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारतात, त्याने हे बोल्ट जाम होणं थांबतं का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : पत्र्याला गंज कमी लागतो हे खरं, पण जळक्या ऑइलने बुशचं रबर फुगून मऊ पडतं, आणि ब्रेकच्या लायनरवर उडालं तर उतारावर कळेल. शिवाय पहिल्याच पावसात धुऊन विहिरीच्या पाण्यात जातं ते वेगळंच. त्यापेक्षा मासळीची खेप झाली की हौदा आणि पाट्यांची टोकं गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, आणि उघड्या आट्यांवर ब्रशने ग्रीस लावून ठेवा.