डबा खाताना दिसणारा नफा

‘ताई, मी चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्या खात्यातले सगळे शेअर बाजारातल्या ऑप्शनमध्ये पैसे लावतात. टेलिग्रामवर टिप येते, डबा खाता खाता सौदा होतो आणि वर नफ्याचा स्क्रीनशॉट! मी एकटाच एसआयपीवाला, म्हणून मला “आजोबा” म्हणतात. आता बायकोही म्हणते, एवढे सगळे काय वेडे आहेत? करू का मीही सुरुवात?’

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मित्र काय म्हणतात ते आहे, बायको काय म्हणते ते आहे. तुम्हाला काय वाटतं ते कुठेच नाही. आणि आता निर्णय माझ्या गळ्यात! म्हणजे टेलिग्रामवाल्याच्या जागी ताई, एवढाच फरक.

माझं मत विचाराल तर ‘नको’. पण त्यावर विसंबू नका, आकडे बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. नफा गेला मुख्यतः स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या मोठ्या दलाली पेढ्या आणि परदेशी फंडांकडे, तोही बहुतेक अल्गोच्या, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणक प्रोग्रॅमच्या, जोरावर. सौद्यात समोर कोण बसलंय, ते एकदा डोळ्यांसमोर आणा.

मग तुमच्या खात्यात सगळेच नफ्यात कसे? अहो, तोट्याचा स्क्रीनशॉट कोण काढतं! सगळ्यात जास्त बोलणाऱ्या मित्राकडे ब्रोकरचं अख्ख्या वर्षाचं टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचं पत्रक, मागा. बहुधा त्याला तेव्हाच लाइनवर जायचं आठवेल.

पण एक टोचणारं बोलते. तुमचा आतापर्यंतचा नकारही विचारातून आलेला दिसत नाही, धास्तीतून आलेला दिसतो. नाहीतर बायकोच्या एका वाक्याने तो डळमळला नसता. प्रीमियम म्हणजे ऑप्शन घेताना मोजलेली किंमत; एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपताना, तो शून्य कसा होऊ शकतो, हे आधी स्वतः समजून घ्या. मग ‘आजोबा’ म्हटलेलं टोचणार नाही.

बायकोवर चिडू नका. घराचा हप्ता, मुलांची फी बघून तिला चार पैसे जास्त यावेत असं वाटलं, त्यात काय चुकलं? रविवारी दोघं कागद घेऊन बसा. लावलेले सगळे पैसे बुडाले तर कोणता खर्च थांबेल, ते लिहा. तरीही करावंसं वाटलं तर मी अडवणारी कोण? फक्त टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर ताडून बघा. उडवाउडवी केली तर त्याच दिवशी ग्रुप सोडा.