तलावाकाठच्या घराचे वय

प्रश्न : मासुंदा तलावाजवळच्या आमच्या वडिलोपार्जित कौलारू घराचे वय कसे ओळखावे? ओल आलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एक कौल उतरवून पालथे करून पाहा. त्यावर कारखान्याचे नाव उठवलेले असेल, तर ते बहुधा मंगलोरी कौल होय. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात ही कौले १८६० च्या दशकात पाडायला सुरुवात केली, त्यामुळे छप्पर त्याआधीचे नव्हे. घर मात्र अधिक जुने असू शकते, कारण नळीची (अर्धगोल, देशी) कौले काढून मंगलोरी कौले चढवण्याचे काम कोकणात घरोघर झाले.

सिमेंट मात्र कृपया लावू नका. तलावाकाठी जमिनीतली ओल भिंतीत चढतेच. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांची टोके कुजू लागतात. सागाचे खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर, उभे करण्यामागेही लाकडाला ओल लागू नये हाच विचार होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. सुटलेला गिलावा खरवडून, मुरवलेल्या चुन्याचाच नवा गिलावा करावा, तोही पावसाळा सरल्यावर.