नाळेतलं रक्त साठवावं का?

प्रश्न : सुनेला आठवा महिना लागलाय. सोनोग्राफीच्या रांगेत एका मुलीने हातात पत्रक ठेवलं : बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, पुढे बाळाला कॅन्सर झाला तर कामी येईल. मुलगा हप्ते भरायला तयार झालाय. काय करावं? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, मुलाला थोडं थांबायला सांगा. नाळेच्या रक्तात मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या इतर पेशी तयार होतात त्या, असतात, हे खरंच. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलिआन ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा जन्मजात रक्तविकार झालेल्या मुलाला असं रक्त दिलं आणि तो बरा झाला. पण ते रक्त त्याच्या नवजात बहिणीचं होतं! स्वतःचं रक्त बाळाला क्वचितच उपयोगी पडतं. थॅलेसेमियासारख्या जन्मजात आजारात तोच दोष साठवलेल्या पेशींतही असतो. म्हणूनच आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) सरसकट खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

मोठ्या भावंडाला थॅलेसेमिया असेल तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांना बाळंतपणाआधीच भेटा. सख्ख्या भावंडांच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

माझा आग्रह वेगळाच आहे. बाळ रडलं, ठीक असलं, की मी नाळ लगेच कापत नाही. बोटांना तिचे ठोके लागतात, ते मंदावतात, नाळ पांढरट, ढिली पडते. या दोन-तीन मिनिटांत बरंच रक्त बाळाकडे जातं आणि पुढचे कित्येक महिने त्याला लोह पुरवतं. साठवणुकीची पिशवी भरायची म्हणून नाळ घाईने कापली, तर बाळाचा हा हक्काचा वाटा जातो. सुनेच्या डॉक्टरांशी याबद्दल आत्ताच बोलून ठेवा.