झोपेचे सवाल-जवाब : बाबांची गाढ झोप फक्त १९ मिनिटं?

प्रश्न : ताई, बाबा ५८ वर्षांचे आहेत, घोरणं खूप, दिवसा टीव्हीसमोर बसल्या बसल्या डुलक्या, म्हणून डॉक्टरांनी रात्रभराची स्लीप स्टडी करायला लावली. रिपोर्टमध्ये लिहिलंय झोप ५ तास २० मिनिटं, एन-१ १९ टक्के, एन-२ ६१, एन-३ ६ आणि रेम १४. एएचआय ३१. मी हिशोब केला तर गाढ झोप जेमतेम १९ मिनिटं निघते! आई तर घाबरूनच गेलीये. पण बाबांचं घड्याळ रोज दीड तास डीप स्लीप दाखवतं, मग खरं कोणाचं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आईंना आधी सांगा की चुकीच्या आकड्याला घाबरल्यात. त्या रिपोर्टमधला काळजीचा आकडा आहे एएचआय ३१, म्हणजे तासाला सरासरी ३१ वेळा श्वास अडतोय किंवा उथळ होतोय. ३० च्या वर गेलं की त्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा तीव्र आजार म्हणतात. बाकीचे टक्के, म्हणजे हलक्या एन-१ पासून गाढ एन-३ पर्यंतच्या झोपेचे आणि स्वप्नांच्या रेम झोपेचे, बरेचसे त्याचीच पिल्लं आहेत, कसं ते सांगते.

झोपेच्या स्टेजेस मशीनमधून आपोआप तयार होऊन येत नाहीत. (सॉफ्टवेअर अंदाज देतं आता, पण तो तपासावा लागतोच.) डोक्यावरच्या वायरींतून मेंदूच्या लहरी येतात, डोळ्यांच्या बाजूच्या दोन वायरींतून डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीवरून स्नायूंचा ताण, आणि मग एक माणूस स्क्रीनसमोर बसून रात्रीचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करून एकेका तुकड्याला नाव देतो. त्या तुकड्याला आम्ही स्लीप टेक्नॉलॉजिस्ट इपॉक म्हणतो. आठ तासांचे झाले ९६० इपॉक, आणि एका तुकड्यात दोन स्टेज आल्या तर जिचा वाटा मोठा तिचं नाव लागतं.

३० सेकंदच का, असं बरेच जण विचारतात, तर उत्तर अगदी साधं आहे, पूर्वी हे सगळं कागदावर निघायचं, कागद सेकंदाला १० मिलिमीटर सरकायचा आणि पान ३० सेंटीमीटरचं, म्हणून एक पान म्हणजे ३० सेकंद! एका रात्रीचा कागद पाव किलोमीटरच्या वर जायचा. रेक्टशाफेन आणि केल्स यांनी १९६८ साली नियमांचं पुस्तक केलं त्यात गाढ झोपेच्या दोन स्टेज होत्या, तीन आणि चार, २००७ च्या अमेरिकन नियमावलीत त्या दोन्ही मिळून एन-३ झाल्या. कागद गेला, ३० सेकंद राहिले.

आता बाबांकडे येऊ. डुलकी लागताना अल्फा लहरी (डोळे मिटून जागं असताना दिसतात त्या) विरतात, डोळे हळूहळू डोलायला लागतात, ते एन-१. मग मध्येच चरख्याच्या चातीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता असा लहरींचा एक झुपका दिसतो, त्याला स्पिंडल म्हणतात, किंवा के-कॉम्प्लेक्स नावाची एक मोठी खाली-वर उडी दिसते. यातलं काही दिसलं की एन-२ सुरू. आणि इथेच खरी गोम आहे. श्वास अडला की मेंदू तीन-चार सेकंद दचकतो, माणसाला पत्ताही लागत नाही, पण नियम असा की एन-२ मध्ये दचकला आणि लहरी पुन्हा हलक्या झाल्या की झोप परत एन-१ धरायची, पुढचा स्पिंडल नाहीतर नवा के-कॉम्प्लेक्स येईपर्यंत. तासाला ३१ वेळा हे व्हायला लागलं तर एन-१ १९ टक्क्यांवर जाणारच की हो, एरवी ते पाचेक टक्के असतं. सापशिडीसारखं आहे, ९८ च्या घरात पोचायच्या आधी साप.

एन-३ साठी मोठ्या संथ लहरी लागतात, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच, आणि तुकड्याचा पाचवा भाग, म्हणजे निदान ६ सेकंद. वयाबरोबर या लहरींची उंची कमी होते, त्यामुळे साठीच्या आसपासच्या माणसाची लहर संथ असते पण ७० मायक्रोव्होल्टवर अडकते आणि नियमात बसत नाही! म्हणजे १९ मिनिटांत थोडं वय आहे, बरंचसं घोरणं आहे आणि थोडी आमची पट्टीसुद्धा आहे.

घड्याळाचं म्हणाल तर ते मनगटावरची हालचाल आणि नाडी बघतं, मेंदूची एकही लहर त्याला दिसत नाही. रोज किती वाजता झोपले किती वाजता उठले एवढ्यासाठी ठीक, दीड तास डीप वगैरे मनावर घेऊ नका. सीपॅपचं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेच्या दाबाने श्वासाचा मार्ग उघडा ठेवणाऱ्या मशीनचं, बोलणं डॉक्टरांशी लवकर करा. मशीन लावल्यावर सुरुवातीच्या काही रात्री गाढ झोप आणि रेम उसळी मारून वर येतात, कधीकधी स्वप्नंही फार पडतात, ते बघून परत घाबरू नका म्हणजे झालं.

प्रश्न : स्लीप टेक्नॉलॉजीचं ट्रेनिंग चालू आहे. माझं आणि सरांचं स्कोअरिंग (तुकड्यांना स्टेजची नावं देणं) एन-१ ला कधीच जुळत नाही, रेमलाही घोळ होतो. माझंच चुकतंय का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही गं, एन-१ ला सगळ्यांचीच भांडणं होतात. २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या पाहणीत, ज्यात अडीच हजारांवर स्कोअरर होते, एकूण जुळणी साधारण ८३ टक्के निघाली पण एन-१ ला फक्त ६३, आणि रेमला मात्र ९० च्या वर. म्हणजे रेम जुळवता येतं, तिथे मेहनत कर. एन-१ आणि रेम दोन्हीकडे लहरी बारीक आणि मिसळलेल्या, म्हणून नुसता मेंदूचा चॅनल बघत बसलीस तर फसणारच. आधी हनुवटी बघ, रेममध्ये ती रात्रभरातली सगळ्यात सपाट. मग डोळे, एन-१ ला झोका, रेमला झटका. करवतीच्या दातांसारख्या लहरी दिसल्या तर चांगलंच. आणि एक, साधारण दहातल्या एकाला डोळे मिटून जागं असतानाही अल्फा येत नाही, त्यामुळे सुरुवातीला डोळे मिटा-उघडा करून घेतात ते रेकॉर्डिंग ढकलून पुढे जाऊ नकोस, तो पेशंट जागा असताना कसा दिसतो ते तिथेच कळतं.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझी स्टडी आहे. एवढ्या वायरी लावून झोपच नाही आली तर पैसे फुकट? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पहिल्या रात्री परक्या जागी झोप कमी आणि हलकी लागतेच, आम्ही ते धरूनच वाचतो. पाच-सहा तास मिळाले तरी बहुतेक वेळा भागतं. घरची उशी घेऊन या, दुपारी झोपू नका, संध्याकाळचा चहा एक दिवस सोडा, पण रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नका, फक्त यादी आणा, कारण काही डिप्रेशनच्या गोळ्यांनी रेम दबतं आणि ते माहीत नसेल तर आम्ही भलतीकडेच शोधत बसतो. आणि हात जोडून सांगते, त्या दिवशी डोक्याला तेल लावून येऊ नका, शांत झोप लागावी म्हणून हमखास कोणीतरी चंपी करून येतं आणि मग पहाटे तीनला एकेक वायर सुटते, ती चिकटवायला मला तुम्हालाच उठवावं लागतं.