वाचकांचे प्रश्न: मेथीच्या वासाची वाइन

प्रश्न: भाच्याने फ्रान्सहून ‘व्हँ जोन’ लिहिलेली बुटकी, रुंद खांद्यांची बाटली आणली. वाइन पिवळीधमक, गोडवा अजिबात नाही आणि वास चक्क मेथीदाण्यांचा! इथल्या उन्हाने बिघडली का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: बिघडलेली नाही. मेथीदाण्यांना वास देणारा सोटोलोन नावाचा घटक या वाइनमध्येही तयार होतो. ही फ्रान्सचा नामांकित वाइन-प्रदेश बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या ज्युरा भागातली, साव्हान्यँ द्राक्षांची वाइन. बर्गंडीच्या नावापुढे ज्युराकडे फारसं कुणी पाहत नाही, हे आमच्या मते अन्यायाचंच. एरवी पिंपातली वाइन आटली की वरून भर घालतात. इथे घालत नाहीत. सहा वर्षांहून जास्त काळ ती तशीच ठेवतात आणि पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते. ती साय हवेला बऱ्यापैकी अडवते, म्हणून व्हिनेगर होत नाही. लिटरमागे शेवटी ६२ सेंटिलिटर उरते असं मानतात. तुमची बाटली तेवढ्याचीच आहे, बघा.

खरंच बिघडलेली वाइन वेगळी कळते. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा. बूच वर सरकलंय, मानेवर चिकट ओघळ आहे, तर बाटली तापली होती. एप्रिल-मेमध्ये ती गाडीच्या डिकीत तासभरही ठेवू नका. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नका. गार असताना वास दबतो, नुसता आंबटपणा जिभेला लागतो. १४ ते १६ अंश हवेत. उन्हाळ्यात २०-२५ मिनिटं बाहेर पुरतात. शक्य असेल तर बूच दोन-तीन तास आधी काढून, परत लावून ठेवा. उघडलेली बाटलीही फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते, त्यामुळे संपवायची घाई नको.

सोबत अक्रोड, जुनं कोंते चीज किंवा नुसते खारे शेंगदाणे. शेंगा चटणी मात्र नको: दारूने तिखटाची आग वाढते आणि लसूण बाकी सगळं झाकून टाकतो. काजूच्या पांढऱ्या रश्श्यातल्या अर्धा किलो चिकनला ६० मिली घालून बघा. आधी वाइन पाच मिनिटं उकळू द्या, मग आच मंद करून दुधाची साय घाला. उलट केलंत तर आंबटपणाने साय फाटायची भीती.

प्रश्न: त्याच भागातली ‘पुलसार’ रेड इतकी फिकी का?
– तेच वाचक

उत्तर: पुलसार द्राक्षाची सालच पातळ, रंग येणार कुठून? १२-१४ अंशांना, आणि पिवळीच्या आधी प्या. नंतर घेतलीत तर पाण्यासारखी लागेल.